तीन लाखांचा सौदा

परदेशी जायचे म्हणजे समुद्र ओलांडावाच लागतो, असा एक समज आपल्या समाजात पूर्वापार रूढ आहे. परंतु ज्या मनुष्याने उभा जन्म कोल्हापुरात काढून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बदलीचा हुकूम खिशात घालून बंगळूरच्या जयनगरात बिऱ्हाड केले आहे, त्याला परदेशाचा प्रत्यय येण्यासाठी पारपत्राची जरुरी भासत नाही. कागल सोडले आणि कोगनोळीचा नाका मागे पडला की पाट्यांवरची अक्षरे हळूहळू वाटोळी होऊ लागतात, आणि सहाशे किलोमीटर दक्षिणेला येईतो ती इतकी परिपूर्ण वाटोळी होतात की आपण कधीकाळी साक्षर होतो या गोष्टीवरचा आपलाच विश्वास उडतो. मी सीमेजवळच्या मुलखातला असल्यामुळे कानडी माझ्या कानांवरून गेलेली होती. पण कानांवरून गेलेली भाषा आणि कानांत शिरलेली भाषा यांतला भेद बंगळूरच्या पहिल्या रिक्षावाल्याने मला मीटर न टाकता समजावून दिला.

बिऱ्हाड लागल्यावर शेजाऱ्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झाले का, आणि दुसरा, गाडी कोणती? जेवण झाले होते. गाडी नव्हती. कचेरीतल्या सहकाऱ्यांना ही वार्ता कळताच त्यांच्या चेहऱ्यांवर, एखाद्याचे लग्न अजून जमले नाही हे ऐकल्यावर वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर जी सहानुभूती उमटते, ती उमटली. वस्तुतः या नगरात मोटारीचा उपयोग काय, हा तात्त्विक प्रश्नच आहे. टॉमटॉम नावाच्या डच कंपनीने 2022 साली जगातल्या शहरांच्या गतीची मोजदाद केली, तेव्हा बंगळूरच्या मध्यभागी दहा किलोमीटर जाण्यास सरासरी 29 मिनिटे 10 सेकंद लागतात असे आढळून आले, आणि मंदगतीच्या त्या स्पर्धेत लंडनच्या खालोखाल जगात दुसरा क्रमांक पटकावण्याचा मान या शहराला मिळाला. एवढे असून गाडी कशाला, असे मी एका सहकाऱ्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "सार, रस्त्यात रोज दोन तास काढायचे असतात. ते उभे राहून काढायचे की बसून, एवढाच प्रश्न आहे." मोटार हे वाहन नसून आसन आहे, हा बंगळूरच्या जीवनशास्त्रातला पहिला सिद्धांत मला अशा रीतीने प्राप्त झाला.

आता, माझी स्वतःची एक मोटार कोल्हापुरात होती. एमएच-09 अशी अस्सल करवीरी मुद्रा कपाळावर मिरवणारी. ती इकडे आणावी असा विचार प्रथम मनात आला. पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 47 वे कलम असे सांगते की परराज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तिला त्या राज्याचा नवा क्रमांक घ्यावा लागतो; त्यासाठी मूळच्या कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो; आणि नव्या राज्याचा आजीव कर भरावा लागतो तो वेगळाच. या दाखल्याच्या अर्जाचा नमुना क्रमांक 28 आहे. हा आकडा वाचताच मला पंढरीच्या विठुरायाची आठवण झाली. संतांनी त्या देवाला उघड उघड कानडा म्हटले. म्हणजे तोही परमुलखातून आलेला. आणि अठ्ठावीस युगे एकाच जागी उभा असूनही त्याच्याकडे बारा महिन्यांनंतर कोणी दाखला मागितला नाही. देवाला जी सवलत मिळते ती मोटारीला मिळत नाही, हे ध्यानी घेऊन मी माझी गाडी पुतण्याच्या स्वाधीन केली. त्याने ती इतक्या तत्परतेने स्वीकारली की माझ्या बदलीचा हुकूम त्यानेच काढवला असावा, असा संशय अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही.

मग नवी गाडी घ्यावी म्हणून एका पेढीत गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्याने मला गार पाणी दिले, गाडीची किंमत सांगितली, आणि मी मनातल्या मनात होकार देत आहे असे पाहून नंतर 'ऑन-रोड' किंमत सांगितली. या दोन आकड्यांमधले अंतर कोल्हापूर आणि बंगळूर यांच्यामधल्या अंतराएवढेच मला लांबलचक वाटले. कर्नाटकात खाजगी मोटारीवरचा आजीव कर किमतीप्रमाणे 13 टक्क्यांपासून 18 टक्क्यांपर्यंत चढत जातो. म्हणजे आठ लाखांच्या गाडीस 14 टक्क्यांच्या हिशेबाने एक लाख बारा हजार रुपये सरकारजमा होतात, आणि उपकर निराळा. आजीव म्हणजे कोणाच्या जिवाचा, असे मी विचारले. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, असे उत्तर मिळाले. माझ्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज मी मनाशी केला, तो मुदतीच्या पुढेमागेच निघाला, आणि गाडीने माझ्यानंतर मागे राहावे की मी गाडीच्या नंतर, या विचाराने खिन्न होऊन मी उरलेले पाणी पिऊन बाहेर पडलो.

राहिला मार्ग जुन्या गाडीचा. ज्याला मराठीत आपण निःसंकोचपणे सेकंड हँड म्हणतो, त्या गाड्यांच्या जाहिराती वाचणे हा बंगळुरातला माझा पहिला वाङ्मयीन व्यासंग होय. या वाङ्मयात एक रूढ नायक आहे, तो म्हणजे डॉक्टर. 'सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी' ही शब्दयोजना मी इतक्या ठिकाणी वाचली की या शहरातले डॉक्टर रुग्ण केव्हा तपासतात आणि गाड्या केव्हा विकतात, याचा उलगडा होईना. मनुष्य डॉक्टर असला म्हणजे तो गाडी हळू चालवतो, हे गृहीतक कोणी मांडले ते कळत नाही. माझा अनुभव असा की घाईत असलेल्या मनुष्यांची यादी केली तर डॉक्टरांचे नाव वरच्या पाचांत येईल. दुसरी रूढ व्यक्ती म्हणजे 'वापर फक्त रविवारी, देवळात जाण्यासाठी' असे लिहिणारे सेवानिवृत्त गृहस्थ. त्यांच्या एका गाडीचे चाक-हिशेबाचे यंत्र सव्वा लाख किलोमीटर दाखवत होते. दर रविवारी देवळात जाऊन नऊ वर्षांत एवढे अंतर कापायचे, तर ते देऊळ कोल्हापुरात महालक्ष्मीचेच असले पाहिजे, आणि तरीही चारांपैकी तीन रविवार घरी बसावे लागले असते.

मल्लेश्वरममधल्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडे मी गेलो, तेव्हा प्रसंग काही वेगळाच घडला. त्यांनी मला आत बसवले, पितळी डबऱ्यातून फेसाळ कापी दिली, आणि गाडीबद्दल एक अक्षर न काढता माझीच चौकशी आरंभिली: गाव कोणते, मुले किती, गाडी स्वतः धुता की धुवून घेता, पावसाळ्यात कुठे ठेवणार. मी गाडी पाहायला आलो आहे की त्यांची कन्या, असा संभ्रम निर्माण व्हावा इतकी ती मुलाखत सांगोपांग होती. जयनगरातल्या आमच्या घराला छप्पर असलेली गाडीची जागा नाही, हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "सरि, कळवतो," असे ते म्हणाले. वधुपित्याच्या 'कळवतो' या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात आणि कर्नाटकात एकच आहे, हे मला तिथे समजले. आणि भाषेची भिंत पहिल्यांदाच किंचित खचली.

ती उरलीसुरली भिंत शिवाजीनगरात पडली. बंगळुरात शिवाजीनगर नावाचा भाग आहे, हे कळल्यापासून तिथे जाण्याची मला विलक्षण ओढ लागली होती. एका मिस्त्रीला गाडी दाखवण्यासाठी तिथे गेलो असता तो म्हणाला की, सार, ही गाडी थेट गुजरीलाच जायच्या लायकीची आहे. माझे हृदय अभिमानाने भरून आले. कारण कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ, जिथे तोळ्यातोळ्याने सोने विकले जाते. गाडी एवढ्या मोलाची आहे, तर मग विचार कसला करायचा, असे मी म्हणालो. मिस्त्रीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की या वेड्याला सोबतीशिवाय एकट्याने फिरू कसे दिले. पुष्कळ हातवाऱ्यांनंतर उलगडा झाला: कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार. एकाच शब्दाने सीमेच्या अलीकडे सोने आणि पलीकडे गंज असा अर्थ धारण करावा, यापेक्षा भाषावार प्रांतरचनेचे समर्थ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

परंतु याच्या अगदी उलट अनुभव मला सरकारी कागदांनी दिला. मिस्त्रीची कन्नड मला कळत नसे, पण परिवहन कचेरीतल्या खिडकीपाशी मी उभा राहिलो, आणि आतल्या कारकुनाच्या तोंडून अर्जी, दाखले, जामीनु, बाकी, वसूली, दरखास्तु असे शब्द ऐकू येऊ लागले, तेव्हा माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. कचेरीलाही तिथे कचेरीच म्हणतात! आदिलशाहीने आणि मोगलाईने या दोन्ही मुलखांवर कोणते अन्याय केले असतील ते इतिहासकार जाणोत. परंतु कोल्हापूरच्या मनुष्याला बंगळूरच्या खिडकीपाशी आपली फजिती स्वतःच्या भाषेत समजावी, एवढी सोय त्या सुलतानांनी निश्चित करून ठेवली. संस्कृतने आम्हां दोघांना देव दिले, पण फारसीने आम्हां दोघांना रांग दिली. आणि जी माणसे एका रांगेत उभी राहतात त्यांना परकी म्हणणे कठीण जाते.

या शोधयात्रेत मला धीर दिला तो पूर्वसूरींनी. मोटारीच्या नादाने बंगळुरात येणारा मी पहिला मराठी मुलखातला माणूस नव्हे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याबरोबर हिंदी बनावटीच्या मोटारींचा ध्यास घेतला होता. पण इंग्रज सरकारची मर्जी नव्हती, आणि 1940 च्या डिसेंबरात वालचंदांचा जो कारखाना बंगळुरात सुरू झाला, तो हिंदुस्थान एअरक्राफ्ट, म्हणजे विमानांचा. मोटारींची प्रीमियर कंपनी पुढे 1944 साली निघाली ती मुंबईला. मोटारीसाठी यावे आणि विमानावर समाधान मानावे लागावे, एवढा उदात्त अपेक्षाभंग सर्वांच्या वाट्याला येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. आणि 1997 साली बंगळूरजवळच्या बिडदीला जपानच्या टोयोटा कंपनीच्या नावाशेजारी किर्लोस्कर हे नाव झळकले. सायकलीपासून मोटारीपर्यंत पोचायला किर्लोस्करांच्या घराण्याला एकशे नऊ वर्षे लागली. मी तर नुकताच चौथ्या महिन्यात पदार्पण करीत होतो.

चौथ्या महिन्यात मला एक गोष्ट उमगली, आणि ती उमगल्यावर बंगळूर मला जरा कळू लागले. मी ज्या ज्या विक्रेत्याला भेटलो, तो कुठेतरी निघालेला होता. कोणी अमेरिकेस, कोणी जर्मनीस, कोणी सिंगापुरास. कोणाच्या पेट्या बांधलेल्या, कोणाच्या घरात टेबलखुर्च्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या. आणि ज्या ज्या गिऱ्हाइकाशी माझी गाठ पडली, तो कुठून तरी नुकताच आलेला होता: पाटण्याहून, गुवाहाटीहून, कोट्टायमहून. जाणारा येणाऱ्याला चावी देतो, येणारा काही वर्षांनी जाणारा होतो आणि तीच चावी दुसऱ्याला देतो. माणसे येतात, जातात. गाडी मात्र तिथेच, त्याच रस्त्यावर, बहुधा त्याच सिग्नलला उभी असते. या नगरीत खरा स्थायिक कोणी असेल तर ती जुनी मोटार होय, आणि आपण सारे तिचे पोटभाडेकरू.

अशाच एका अमेरिकेला निघालेल्या तरुणाकडे मला हवी ती गाडी दिसली. पांढरी, आटोपशीर, नऊ वर्षांची, केए-05 या जयनगरच्याच मुद्रेची. तरुण म्हैसूरकडचा, अत्यंत मृदुभाषी. त्याने तीन लाख चाळीस हजार सांगितले. मी दोन लाख ऐंशी म्हटले. मग आम्ही दोघे, वाटाघाटीच्या शास्त्राप्रमाणे, गाडीभोवती सात प्रदक्षिणा घालून एकेका ओरखड्यापाशी थांबलो. त्याने तो ओरखडा नाही असे सांगितले आणि मी तो ओरखडा सर्वत्र आहे असे सिद्ध केले. शेवटी, त्याच्यावर इतिहासाचा दबाव आणावा या हेतूने, मी त्याला बंगळूरच्या पहिल्या सेकंड हँड सौद्याची हकिगत सांगितली.

1537 साली केंपेगौडांनी हे शहर वसवले. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने ते जिंकले, आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांच्या मागे ते त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे राहिले. पण व्यंकोजीराजांना तंजावरची गादी मिळाली, त्यांचे बिऱ्हाड तिकडे हलले, आणि दूरच्या बंगळूरची देखभाल त्यांना परवडेनाशी झाली. बदली झालेला मनुष्य जे करतो तेच त्यांनी केले; शहर विकायला काढले. गिऱ्हाईक म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयर, आणि किंमत तीन लाख रुपये. आता बघा, मी त्या तरुणाला म्हणालो, आमच्या माणसाने तीन लाखांत अख्खे शहर द्यायचे कबूल केले. त्यात कोट, तळी, पेठा सर्व आले. तुम्ही मला एक मोटार देता, तिच्या डाव्या दाराची काच खाली जात नाही, आणि मागता तीन लाख चाळीस?

तरुण क्षणभर विचारात पडला. मग अतिशय नम्रपणे म्हणाला, "सार, आमच्या महाराजांनी तीन लाख पूर्ण मोजले ना? दोन ऐंशीला नाही मागितले. तुम्हीही तीन मोजा."

मी निरुत्तर झालो, तरी 'विचार करून सांगतो' असे म्हणून आणखी एक प्रदक्षिणा घालणार, एवढ्यात फाटकातून एक दलाल आत आला. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, आणि चालण्यात कोणाचेही काहीही ताब्यात घेण्याची सवय. त्याने बॉनेटवर हात ठेवला. त्या हाताकडे पाहताच मला त्या हकिगतीचा उत्तरार्ध आठवला, जो मी तरुणाला सांगितला नव्हता. व्यंकोजीराजे आणि चिक्कदेवराज यांची घासाघीस चालू असतानाच, 1687 साली, औरंगजेबाचा सरदार कासीमखान फौज घेऊन मध्येच उपटला आणि त्याने बंगळूर सरळ ताब्यात घेतले. पुढे म्हैसूरकरांना ते शहर मिळाले, आणि मिळाले तेही तीन लाखांनाच. फक्त ते तीन लाख व्यंकोजीराजांच्या पदरात पडले नाहीत. बयाणा न घेता सौदा लांबवला की काय होते, याचा एवढा ढळढळीत धडा साडेतीनशे वर्षांपूर्वीच मिळालेला असताना, आपण पुन्हा त्याच शहरात, त्याच रकमेवर, त्याच चुकीच्या उंबरठ्यावर उभे आहोत, हे ध्यानात येताच मी खिशातून असतील नसतील तेवढ्या नोटा काढून तरुणाच्या हातात कोंबल्या आणि ओरडलो, "तीन लाख! कबूल!" कासीमखान हात झटकून निघून गेला. मराठ्यांच्या इतिहासातली एक सल त्या दिवशी, अल्प प्रमाणात का होईना, दूर झाली असे मी मानतो.

पुढे 29 आणि 30 क्रमांकांच्या नमुन्यांवर आमच्या सह्या झाल्या, मुदतीत दाखले रुजू झाले, मालकाच्या रकान्यात माझे नाव चढले. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून मी गाडी म्हैसूर रस्त्यावरच्या गाळी आंजनेयाच्या देवळापुढे नेली. गाळी म्हणजे वारा. वाऱ्याच्या पुत्रासमोर वाहनाची पूजा करावी ही कल्पना मला काव्यमय वाटली, आणि पूजा होईपर्यंत मागे लागलेली गाड्यांची रांग पाहून त्याहूनही अधिक विनोदी वाटली. चारी चाकांखाली लिंबे ठेवली होती. गाडी पुढे घेताच ती चिरडली गेली. त्या दिवशी गाडीने कापलेले सर्वांत वेगवान अंतर तेवढेच.

नंतर दसऱ्याला आम्ही सहकुटुंब कोल्हापूरला गेलो. कोगनोळीच्या पुढे पाट्यांवरची अक्षरे पुन्हा सरळ झाली, मला पुन्हा वाचता येऊ लागले, आणि महाद्वार रोडच्या तोंडाशी गर्दीत शिरताना मी आत्मविश्वासाने हॉर्न वाजवला. समोर आडवी मोटारसायकल लावून दोन पोरे गप्पा मारत होती. एकाने केए-05 वाचले आणि खास कोल्हापुरी हिंदीत फर्मावले, "ओ अण्णा, गाडी पीछे लेओ की!" जन्मगावात, आजोळापासून दोनशे पावलांवर, मला कोणी परका समजून हिंदीत बोलावे, याचा संताप माझ्या मस्तकात गेला. त्याला झणझणीत तांबड्या रश्श्यासारखे उत्तर द्यावे म्हणून मी काच खाली केली, म्हणजे उजवीकडची, डावी अजून खाली जात नाही; तोंड उघडले, आणि गेल्या वर्षभर रोज दोन तास ज्या वाक्यावर मी जगलो होतो तेच वाक्य, माझी परवानगी न घेता, बाहेर पडले:

"स्वल्प अडजस्ट माडि."

पोराने मुकाट्याने मोटारसायकल बाजूला घेतली. मी पुढे सरकलो, तेव्हा तो मित्राला म्हणत होता, "कानडी हाय, पण माणूस सभ्य दिसतोय."